किलवरचा एक्का

जुनी सायकल माळ्यावर सापडली की आपल्याकडे पहिला विचार येतो रंगाचा. ऑइल पेंटचा डबा आणायचा, दोन हात मारायचे, झाली नवी. कोल्नागो या इटालियन बनावटीच्या जुन्या सायकलींच्या शौकिनांना हे ऐकून घेरीच येईल. टवके उडालेला का होईना, त्यांना मूळ रंगच हवा. चकचकीत सायकल दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

ही सायकल बनवणारा एर्नेस्तो कोल्नागो मिलानजवळच्या कांबियागोचा. पोरवयात सायकलच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि 1954 मध्ये गावातच छोटंसं दुकान थाटलं. नशीब उघडलं ते एका कॉटरमुळे, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) घट्ट धरणाऱ्या खिळीमुळे. फिओरेन्झो मान्यी या नामांकित शर्यतपटूचा पाय दुखत होता. कोल्नागोने बघितलं, तर क्रँकच सरळ बसलेला नव्हता. त्याने कॉटर नीट बसवून दिली. मान्यीने त्याला 1955 च्या जिरो द'इतालियाला, इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीला, मेकॅनिक म्हणून सोबत नेलं आणि ती शर्यत जिंकलीही. (कॉटरवर हातोडी मारण्यात आपले कोपऱ्यावरचे सायकलवालेही वाकबगार, पण त्यांना इटलीला कोण नेणार?)

पुढे 1970 मध्ये मिकेले दांचेल्लीने कोल्नागोवर बसून मिलान–सान रेमो ही शर्यत जिंकली. 17 वर्षांनी एक इटालियन ही शर्यत जिंकला होता. त्या आनंदात एका क्रीडा पत्रकाराने कोल्नागोला चिन्ह सुचवलं, किलवरचा एक्का. जवळच दुकान असलेल्या उगो दे रोझा या दुसऱ्या सायकलवाल्याचं चिन्ह बदाम. मिलानच्या कारागिरांना पत्त्यांचा नाद असावा.

सर्वांत गाजलेली कोल्नागो मात्र एक्क्याच्या नावाने मिरवलीच नाही. 25 ऑक्टोबर 1972 रोजी बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. त्याची सायकल जेमतेम पावणेसहा किलोची. वजन उतरवायला साखळीच्या कड्यांनाही भोकं पाडलेली. एवढं सगळं कोल्नागोने केलं आणि सायकलवर नाव झळकलं विंडसरचं, एका मेक्सिकन कंपनीचं. पैसा बोलतो, दुसरं काय!

म्हणून जाणकार नळीवरचं नाव वाचून भुलत नाहीत. स्टिकर काय, कोणीही छापून घेतं. ते सायकल उलटी करतात, नळ्यांच्या सांध्यांत कोरलेला एक्का बोटाने चाचपतात. मग मागचा गिअर. कम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या 'नुओव्हो रेकॉर्ड' गिअरवर 'पेटंट' या शब्दापुढे दोन आकडे असतात. 74 म्हणजे गिअर 1974 चा. विकणारा सायकल 72 ची म्हणतोय आणि गिअर 78 चा निघाला, की मान हलवून लोक पुढे जातात.

मला अशी सायकल चालेल. शर्यतीच्या सायकलचा गिअर पडून-धडपडून वाकायचाच, कोणीतरी तो बदलणारच. सगळे सुटे भाग एकाच सालातले असले तर मलाच शंका येते, ही कधी रस्त्यावर उतरली तरी होती का? शिवाय न जुळणाऱ्या गिअरने भाव उतरतो, आणि घासाघीस करायला आपल्याला तेवढीच जागा मिळते.