टेकडी ज्यांच्या सातबाऱ्यावर आहे

रविवार, रात्री

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी टेबल मांडून सह्या गोळा केल्या. सह्यांना काही तोटा नाही. फिरायला येणारा प्रत्येक जण थांबतो, निवेदन वाचतो, सही करतो, काही जण घरच्यांसाठी कोरा कागदही मागून नेतात. मागणी सरळ आहे: बीडीपीचं आरक्षण हलवू नका आणि टेकडीवर बांधकामाला परवानगी देऊ नका.

बीडीपी म्हणजे जैववैविध्य उद्यान. 1997 साली बाणेर, बावधन, वारजे, धायरी, आंबेगाव, कोंढवा अशी गावं पुणे महापालिकेत आली. त्या 23 गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांची सुमारे 978 हेक्टर जमीन या उद्यानासाठी राखून ठेवायचं ठरलं. मग वर्षानुवर्षं वाद चालला. थोडं तरी बांधकाम करू द्या, असं एका बाजूचं म्हणणं आणि अजिबात नको, असं नागरिकांचं. 2015 मध्ये सरकारने बांधकामाविना आरक्षण मंजूर केलं, तेव्हा या शहरात किती लोकांनी सुटकेचा श्वास सोडला होता! आणि 2025 मध्ये बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार (बांधकामावर मर्यादा असलेला टेकड्यांचा विभाग) यांचा नव्याने विचार करायला सरकारने अभ्यासगट नेमला. म्हणून हे टेबल पुन्हा मांडावं लागलं.

‘जमिनीच्या चारच टक्के भागावर तर बांधणार, बाकी हिरवंच राहील’ हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. जुन्या डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात चार टक्क्यांची मुभा होतीच. पण उतारावर एक बंगला उभा करायचा तरी रस्ता वरपर्यंत न्यावा लागतो. जेसीबी लावून उतार कापायचा, राडारोडा खालच्या ओढ्यात ढकलायचा, मग पाण्याची टाकी, विजेचे खांब, कुंपण. टक्के मोजताना यातलं काहीच धरत नाहीत.

डोंगर कापला की पाणी कुठे जातं, हे पुण्याने पाहिलं आहे. जून 2013 मध्ये शिंदेवाडीजवळ कापलेल्या डोंगरावरून पावसाचा लोंढा सातारा रस्त्यावर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. सप्टेंबर 2019 मध्ये कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने एका रात्रीत वस्त्याच्या वस्त्या बुडवल्या. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून, तेही सावकाश. गवत आणि झुडपं पाण्याला थोपवून धरतात, म्हणून ते मुरायला वेळ मिळतो. खालच्या सोसायट्यांच्या बोअरना लागणारं पाणी याच उतारांवरून जमिनीत गेलेलं असतं.

आणि टेकडी म्हणजे नुसती झाडं नव्हेत, हे मला लोकांना फार कळकळीने सांगावंसं वाटतं. माथ्यावरचं कुसळीचं गवत उन्हाळ्यात पिवळं पडलं की लोक त्याला ओसाड समजतात. त्याच गवतात चंडोल आणि तित्तर अंडी घालतात. उतारावर साळई, गणेर, मेडशिंगी आहे. मृगाच्या आसपास खालच्या झाडोऱ्यातून नवरंगाची शीळ ऐकू येते. पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाने बरीच जागा व्यापली आहे खरी, पण जिथे गिरिपुष्प नाही तिथे मूळचं रान अजून तग धरून आहे.

सकाळी टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. निवेदन शांतपणे वाचलं. सही केली नाही.

‘ताई, तुमचं बरोबर आहे,’ ते म्हणाले, ‘पण ज्या उतारावर तुम्ही फिरता तो आमच्या सातबाऱ्यावर आहे. वडील गेले, आता माझंही वय झालं. जमीन विकता येत नाही, बांधता येत नाही आणि मोबदल्याचं कुणी नाव काढत नाही. आमच्या भावकीतले काही जण गुंठा-गुंठा करून विकून मोकळे झाले. मी विकली नाही, तर घरचे मलाच वेडा म्हणतात.’

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बराच वेळ बोलले, मी ऐकत होते. बीडीपीतली बरीच जमीन खाजगी आहे, आणि मोबदला म्हणून ठरला तो आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. त्यातून घरात काय येणार, असं त्यांनी विचारलं. मी काहीच बोलू शकले नाही, कारण प्रश्न रास्त होता. आरक्षण कागदावर आणि प्लॉटिंग जमिनीवर, हे तिथे उघड चाललेलं आहे. रात्रीत पत्र्याचं कुंपण उभं राहतं, महिन्याभरात खोली, मग वीज जोडणी. टेकडी मोठ्या इमारतींनी जितकी जाते, तितकीच अशी गुंठ्यागुंठ्याने जाते. आणि जो माणूस विकायला नकार देतो, त्याच्या पाठीशी आम्ही सह्या करणारे आजवर उभे राहिलेलो नाही.

संध्याकाळच्या बैठकीत मी हे मांडलं. निवेदनात दुसरी मागणी घालू या: जमीनमालकांना योग्य मोबदला ठरवा, तो ठरावीक मुदतीत द्या आणि जागा ताब्यात घ्या. काही जणांना ते पटलं नाही. मोबदल्याचं बोललो की मूळ मुद्दा पातळ होतो, सरकार त्याचाच आधार घेऊन बांधकामाला वाट करून देईल, असं त्यांचं म्हणणं. ती भीती मलाही आहे. पण मालकांना वाऱ्यावर सोडून टेकडी वाचणार नाही, हे मी ठामपणे सांगितलं. ज्याच्या नावावर जमीन आहे तो जर आपल्याला शत्रू समजत असेल, तर प्रत्येक पाच वर्षांनी नवा अभ्यासगट येणार आणि आपण पुन्हा टेबल मांडणार. 2013 मध्ये जुन्या शहराच्या आराखड्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती गेल्या होत्या. या शहराला हरकत घेता येते. या वेळी त्या हरकतीखाली गावकऱ्यांच्या सह्याही हव्यात.

बराच खल झाला. शेवटी मागणी घालायचं ठरलं, मसुदा मी लिहायचा. मोबदला टीडीआरमध्येच की काही भाग रोखीने, आणि ज्यांनी आजवर जमीन विकलेली नाही त्यांना आधी, हे दोन मुद्दे सविस्तर लिहायचे आहेत. बुधवारी मसुदा घेऊन त्या काकांच्या घरी जायचं आहे. भावकीतल्या आणखी तिघांना बोलावून ठेवतो, असं ते म्हणाले आहेत.