मामी आणि जमीन

शब्दकोडं समोर आलं की मी शोधसूत्रांकडे नंतर वळते. आधी नुसती काळी घरं बघून घेते. ती सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर कोडं रचणारा स्वस्थचित्त होता. उजवीकडे खाली अचानक दाटी दिसली तर समजावं, बुवा तिथे अडकले, शब्द सुचेना, मग घरं काळी करून मोकळे झाले.

अमेरिकेत ही पळवाट नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी शब्दकोड्याचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आलं. ते हिऱ्याच्या आकाराचं होतं. पुढे तिथल्या दैनिकांत १५ बाय १५ची चौकट रुळली आणि नियम कडक झाले: पान उलटं धरलं तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसायला हवी, तीन अक्षरांहून लहान शब्द नको आणि प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही बसलं पाहिजे, उभ्यातही. ब्रिटिश कोड्यांत निम्म्याच्या आसपास घरं दोन्हीकडून बांधलेली असली तरी भागतं.

पण त्यांच्या एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर येणार. आपल्याकडे घरात व्यंजन आपली काना-मात्रा घेऊन येतं. चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी केली की चारशेच्या वर गेलोच, जोडाक्षरं वेगळीच. आडवं ‘कर्तव्य’ मांडून बघा. ‘र्त’वरून ‘कीर्तन’ उभं उतरवता येतं, ‘व्य’खाली ‘व्यथा’ लटकवता येते. पण मग खालच्या ओळीत ‘न’ आणि ‘था’ शेजारी येतात, त्यांचं काय करणार? म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त असली तर मी नाक मुरडत नाही. ती कुठे आहेत, एवढंच बघते.

खरी कसोटी ऱ्हस्व-दीर्घाची. शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ केला. ‘कवी’चा ‘वी’ दीर्घ. त्याच घरातून उभा ‘विचार’ सुरू करायचा, तर पंचाईत! शेवटाला शेवट भिडवावा, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरात संपवावेत, हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग जास्त देखणा आहे. अकारान्त शब्दाचं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर बऱ्याचदा दीर्घ असतं, म्हणून ‘मामी’ आडवी आणि ‘जमीन’ उभी, ‘मी’वर बरोबर भेटतात. असा सांधा दिसला की मी पेन्सिल थांबवून त्याच्याकडे जरा वेळ बघते. घरचे म्हणतात, अडलं वाटतं हिचं. काही जण मात्र ‘कवी’ आणि ‘विचार’ खुशाल एका घरात कोंबतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात त्यातलं एक अशुद्ध छापून येतं. याला माझी माफी नाही.

रव, खग, तम, रिपू, तनया या मंडळींना मात्र आहे. बोलताना यांना कोणी विचारत नाही, पण कोड्यांच्या कोपऱ्यांत त्यांची पिढीजात वतनं आहेत. दोन-तीन असली तर चालतात, कारण एखादा ऐसपैस सहा-सात अक्षरी शब्द मधून नेण्यासाठी कडेला अशी भर घालावीच लागते. सगळं कोडंच तनय-तनयांनी भरलेलं निघालं, तर मी ते निम्म्यावर सोडून राशिभविष्याकडे जाते.

आणि एक. न ऐकलेली नदी आडवी असेल तर उभा शब्द तरी ओळखीचा द्यावा, म्हणजे त्याच्या आधाराने नदी गाठता येते. परवाच्या कोड्यात नदीला छेद देणारा शब्द होता एका जुन्या मूकपटातल्या नटीचं आडनाव. ते घर मी पांढरंच ठेवलंय.