कार्डिफचं 'कायरडीद' आणि आपलं 'पुणं'

वेल्समध्ये रेल्वे स्टेशनवर घोषणा आधी वेल्शमध्ये होते, मग इंग्रजीत. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येतं असं सांगणारे १७.८ टक्केच निघाले. स्वतःच्याच देशात अल्पसंख्य झालेली ही भाषा तिथल्या राजधानीला 'कायरडीद' म्हणते. कार्डिफ हे इंग्रजी नाव.

सध्या सुट्टीत कसबा पेठेत मामाकडे आहे. "कार्डिफ म्हणजे काय गं?" असं त्याने विचारलं आणि जेवणं आटोपली तरी विषय संपेना.

'कायर' म्हणजे किल्ला, यावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो पुढच्या अक्षरांचा. विल्यम कॅम्डेन या सोळाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकाने त्यात ऑलस डिडियस गॅलस हा रोमन सुभेदार पाहिला. डिडियसचा किल्ला, म्हणून कायर-डीडी. रोमनांचा किल्ला तिथे होताच. आजच्या कॅसलच्या तटात खाली रोमन भिंत आहे आणि नंतरचं बांधकाम वेगळं कळावं म्हणून मध्ये लाल दगडांची ओळ घातली आहे. त्या ओळीवर हात ठेवला की सुभेदाराची गोष्ट खरी वाटायला लागते.

भाषेचे अभ्यासक मात्र ती मानत नाहीत. त्यांच्या मते जुनं रूप 'कायरडीव'. टाव नदी कॅसलच्या कडेने वाहते, इंग्रजीत तीच टॅफ. 'डीव' हे तिच्याच नावाचं जुनं षष्ठीचं रूप. म्हणजे टावेकाठचा किल्ला. बोली वेल्शमध्ये 'व' आणि 'द' एकमेकांची जागा घेतात, तसं पुढे कायरडीवचं कायरडीद झालं. इंग्रजांनी नाव उचललं ते त्याआधीचं, म्हणून त्यांच्या तोंडी शेवटी 'फ' राहिला. गंमत बघा, जुन्या वेल्श रूपाची खूण इंग्रजी नावात टिकली आणि वेल्श नाव मात्र बोलणाऱ्यांबरोबर बदलत गेलं. मला तरी हे बदलणंच जिवंतपणाचं लक्षण वाटतं. आजही 'कार्डिफला' म्हणायचं तर 'ई गायरडीद' आणि 'आणि कार्डिफ' म्हणायचं तर 'आ खायरडीद'. नावाचं पहिलं अक्षरच वाक्याप्रमाणे फिरतं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपण तरी 'पुणेला' कुठे म्हणतो? पुण्याला, पुण्यात, पुण्याहून. आणि इथेच मामाशी माझं वाजलं. त्याचं म्हणणं, पुणे म्हणजे पुण्यनगरी, मुळा-मुठेच्या संगमावरचं पुण्यक्षेत्र. पुरावाही आहे त्याच्याकडे: राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ च्या ताम्रपटात 'पुण्यविषय' आहे. विषय म्हणजे प्रांत. पण ७६८ च्या ताम्रपटात 'पूनकविषय' आहे. दहा वर्षांत गावाचं नाव बदलत नाही. मला वाटतं, लोकांच्या तोंडचं नाव पूनकच्या जवळचं असावं आणि संस्कृत लिहिणाऱ्याने त्याला 'पुण्य' असा सोवळा वेश चढवला असावा.

मामाला मी ठाण्याचं उदाहरण दिलं. शिलाहारांच्या लेखांतल्या 'स्थानक'चं मराठीत 'ठाणें' झालं, त्याच वाटेने 'पूनक'चं 'पुणें' होतं. जुन्या लिखाणात णे-वर अनुस्वार असायचा. आजीच्या पत्रांत तो ठसठशीत दिसतो आणि बोलताना आपण अजून 'पुणं'च म्हणतो. उलट पुण्यनगरीची कथा रुजायला आपल्या व्याकरणानेच हातभार लावला असेल, कारण 'पुण्याचा' हे रूप पुणे आणि पुण्य या दोन्ही शब्दांचं होतं. लिहिलेलं बघून फरक कळत नाही.

मामाने हे सगळं शांतपणे ऐकलं, पण त्याचा मुद्दा तो सोडत नाही: ताम्रपटांत 'पुण्य'च दहा वर्षांनी जुना. या प्रश्नाला माझ्याकडे अंदाज आहे, पुरावा नाही आणि हे मान्य करूनच मी वाद घालते. कार्डिफला त्या अभ्यासकांचं काम सोपं झालं ते जुनी रूपं लिहून ठेवलेली होती म्हणून. आता शिवाजीनगरला भांबुर्डे म्हणणारी माणसं पेठांमधून कमी होत चालली आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असतील, तर आसपासच्या वाड्या-वस्त्यांची, ओढ्यांची नावं ती कशी उच्चारतात ते आत्ताच टिपून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. मामाचं रेकॉर्डिंग मी उद्यापासून सुरू करते आहे.