रुमाल टाकून धरलेली जागा

हरतालिकेला आईचं डोकं दुखणार, हे आमच्या घरी दुसऱ्या दिवशी गणपती येणार इतकंच पक्कं असायचं. निर्जळी उपास, त्यात मोदकांची तयारी. दुपारी तीनच्या सुमारास ती कपाळाला बाम चोळून नारळ खवायला बसायची. एरवी न मागता आमच्या हातावर खोबरं ठेवणारी आई त्या दिवशी नुसते डोळे वटारायची. "पोटात काही नाही, पित्त उसळलंय," हे आजीचं निदान. पण एकादशीला हीच आई दिवसभर हसतमुख! एकादशीला चहा चालतो.

हा चहाचा धागा मला फार उशिरा सापडला. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते आपल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, जाऊन बसलं, की मेंदूचं काम मंदावतं आणि जांभया सुरू होतात. चहातलं कॅफिन घडणीने बरंचसं त्याच्यासारखं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तसं ते या जागा अडवतं. स्वतः काही करत नाही, दुसऱ्याला बसू देत नाही, एवढंच. म्हणजे चहाने आपला शीण जातच नाही! तो दांड्याला लटकून उभा असतो, जागा रिकामी व्हायची वाट बघत.

रोजच रुमाल पडू लागले, की मेंदूही सीटा वाढवतो, असं मानतात. मग एक दिवस चहाच नाही. सगळ्या सीटा अ‍ॅडेनोसिनला मोकळ्या. त्यात ते डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतं, आणि डोकं ठणकायला लागतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे सुरू होतं. आईचा शेवटचा कप आदल्या संध्याकाळी पाचचा. दुपारी तीनला बरोबर २२ तास भरायचे. (डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन घालतात, ते उगाच नाही.)

हे कॅफिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ मध्ये. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्यातली बाहुली कशी विस्फारते, हे त्याने कवी गटेला करून दाखवलं होतं. गटे खूश झाला आणि त्याने कॉफीच्या बिया त्याच्या हातात ठेवल्या, यात काय आहे बघ म्हणून. बक्षीस म्हणून गृहपाठ देणारा कवी मला तरी दुसरा माहीत नाही. पुढे चहातून 'थीन' नावाचं द्रव्य निघालं, आणि काही वर्षांनी कळलं की ते कॅफिनच.

परवा आईला हे सगळं रंगवून सांगितलं. "म्हणजे मी व्यसनी?" तिने विचारलं.

"तसं नाही गं. पण हरतालिकेच्या आधी आठवडाभर चहा थोडा थोडा कमी करत आणलास, तर डोकं दुखणार नाही."

"गणपतीच्या आधीच्या आठवड्यात?" हातातली बशी खाली न ठेवता ती म्हणाली, "चहा कमी?"