चांदणी नसलेला कागद

नववीला अलंकार शिकवून झाले की मी एक झेरॉक्स वाटते. त्यावर मीच लिहिलेला पावसाचा उतारा. पोरांनी पेन्सिलीनं खुणा करायच्या: उपमेला गोल, उत्प्रेक्षेखाली दोन रेघा, चेतनगुणोक्तीला चांदणी.

पोरं वाचत नाहीत, शब्द हुडकतात. ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ दिसला की उपमा. म्हणून पहिल्याच ओळीत मी सापळा लावते: ‘पाऊस सारखा पडत होता.’ निम्म्या वर्गानं गोल केला.

“अरे, कुणासारखा पडत होता? उपमान दाखवा की!”

मागच्या बाकावरून आवाज आला, “पावसासारखाच, मॅडम.”

पोरगं चेष्टेत अनन्वय बोलून गेलं. उपमेयाला त्याचीच उपमा! त्या दिवशी तो शिकवायचा नव्हता, तरी फळ्यावर लिहून टाकला.

अडलं ते शेवटच्या ओळीवर. ‘कृष्णामाई एकेक पायरी चढून आली, उंबऱ्याशी थांबली आणि मग आत शिरली.’ इथं चांदणी हवी, ही चेतनगुणोक्ती. नदी माणसासारखी वागतेय. एकीनं ती ओळ कोरी ठेवलेली. मी लाल पेनानं गुण कापला.

मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात. “मॅडम, ह्यात अलंकार कुठाय? आमच्याकडं अशीच आली होती.”

पोरगी सांगलीच्या गावभागातली, नदीकाठची. २०१९ ला चौथीत होती. आयर्विन पुलापाशी ४५ फूट पाणी म्हणजे धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा हिच्या आजीनं हळद-कुंकू वाहिलं, खणा-नारळानं ओटी भरली, “आता फीर माघारी, माई,” म्हणाली आणि मगच घर सोडलं.

मी माझीच ओळ परत वाचली. पाणी येतं, थांबतं, घरात शिरतं, हे आपण रोज बोलतो. त्यात कसला अलंकार? ‘चढून’ तेवढं जरा नटवलेलं, पण पाणीही चढतंच की. राहता राहिली ‘माई’. आणि ती काही मी सुचून लिहिली नव्हती. सांगलीत नुसतं ‘कृष्णा’ म्हणताना माझीच जीभ अडखळते. ‘दबक्या पावलांनी आली’ असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पावलं मी पदरची घातली असती.

शेजारच्या टेबलावरचे सर डबा खाता खाता म्हणाले, “बोर्डाला विचारलं तर चेतनगुणोक्तीच लिहायचं. उगाच गोंधळ घालू नका पोरांच्या डोक्यात.” तेही खोटं नव्हतं. मी दोन्ही बाजू तिला सांगितल्या आणि गुण परत दिला.

तिनं तिथंच पेन्सिल काढली. ओळीपुढं बारकीशी चांदणी केली आणि खाली लिहिलं: ‘फक्त परीक्षेपुरती.’