गवळीदेवला दहा स्टॉपचा फिल्टर नेऊ नका

बूट अजून ओले आहेत आणि कोपर सोललंय, तेव्हा सूर चिडका लागला तर समजून घ्या.

धबधब्याचे फोटो काढायचे होते. बहुतेक पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बंदीच असते, म्हणून नवी मुंबईतलाच गवळीदेवचा धबधबा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळे. पायथ्यापर्यंत रिक्षावाल्याने १५० मागितले, झोपेत दिलेही. परतताना मीटरने त्याच्या निम्मेही झाले नाहीत. गळ्यात कॅमेरा दिसला की भाव चढतो, बॅगेतच ठेवा.

पण खरा गंडलो तो आदल्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानात. ‘पाणी रेशमासारखं हवं ना? मग दहा स्टॉपचा एनडी लागतोच,’ म्हणत दुकानदाराने तो भाड्याने गळ्यात मारला. एनडी म्हणजे लेन्सवर चढवायची काळी काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दहा स्टॉप म्हणजे हजार पटींनी कमी. अहो, ढगाखाली, दाट झाडीत मला आयएसओ (संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र) वर फिल्टरशिवायच १/८ सेकंदाचा शटर मिळत होता! फिल्टर चढवला की तेच दोन मिनिटांच्या वर. तेवढ्यात काचेवर तुषार, वाऱ्याने पानांचा लगदा, आणि धबधब्याच्या जागी वाळत घातलेली चादर. वर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले दाणे काढणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू राहिलेलं, म्हणजे प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं गप्प. सकाळचा दीड तास असाच गेला.

फिल्टर काढला आणि फोटो यायला लागले. पाण्याला जोर असेल तर १/८ ते १/४ पुरे. धारांचे पदर दिसतात, वेगही जाणवतो. पाऊस थांबून धार बारीक झाली तेव्हा अर्धा ते एक सेकंद छान वाटला. त्याहून जास्त नको. पोलरायझर फिल्टर मात्र न्याच. ओल्या खडकाची चकाकी जाते आणि तो स्वतःच एक-दीड स्टॉप खातो, म्हणजे १/८ चा आपोआप १/४ होतो. उडणारे थेंब गोठवायचे तर एफ/४, आयएसओ १६००, १/१०००. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात रोवू नका, थरथर फोटोत उतरते. स्टॅबिलायझेशन (हातातले हादरे सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. झालं.

आता ते शेवटचे दगड. जेमतेम दहा-बारा पावलं, पण शेवाळ असं की महागडे बूटही साबणावर ठेवल्यासारखे. जाताना मी ट्रायपॉडची काठी केली आणि निभावलं. येताना ऐटीत उभा उतरलो आणि कोपरावर आपटलो. सरळ बसून उतरा, लाज बाळगू नका. पाणी गढूळ होताना दिसलं तर फोटो राहू द्या आणि मागे फिरा.

बाकी वाट सोपी, हिरवीगार वगैरे.

संध्याकाळी फिल्टर परत द्यायला गेलो तर काचेवर डाग आहेत म्हणून डिपॉझिटमधले २०० कापले. डाग पाण्याचे होते. त्याच्याच समोर रुमालाने पुसले, गेले. पैसे नाही आले.