आमची वाटचाल : डॉल्बीची भिंत ते वाळूचं दार

आमच्या शेडमध्ये शो करणारी पोरं कधीपासून मागं लागलीत, मालक आपल्या जागेची स्टोरी लिहा, म्हणून लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सुरुवात डॉल्बीनंच. त्या कंपनीचा आणि ट्रॅक्टरवरच्या बेसच्या भिंतीचा काडीचा संबंध नाही पण कोल्हापुरात नाव पडलं ते पडलं. वडिलांचं मंडप-स्पीकरचं काम होतं, मी कर्ज काढून त्यात बेस-टॉप (जड आवाजाचे आणि वरच्या आवाजाचे मोठे स्पीकर) घातले, गणपती आणि लग्नसराईवर वर्ष निघायचं. मग कारवाया वाढल्या. नियम २००० सालचाच, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, सरकारनं सूट दिली तर १२ पर्यंत आणि तीही वर्षात १५ दिवसांच्या वर नाही, फक्त आम्ही कुणी तो वाचला नव्हता. एका मिरवणुकीत सगळा सेट जप्त झाला, सोडवून आणेपर्यंत दोन बेसचे कोन उंदरांनी खाल्लेले. चूक आमचीच, पण कर्जाचा हप्ता चालूच होता की.

उरलेलं सामान उद्यमनगरात मामाच्या बंद पडलेल्या लेथच्या शेडमध्ये टाकलं. तिथं कॉलेजची चार पोरं आली, ड्रम वाजवायला जागा देता का, घरी शेजारी भांडतात. मग रॅपवाली पोरं आली, शिव्यासुद्धा अस्सल कोल्हापुरी. हळूहळू शनिवारचे छोटे शो चालू झाले, बोर्ड नाही, जाहिरात नाही, नुसता व्हॉट्सअप मेसेज, आणि खाली एक ओळ, चपला बाहेर काढू नका, कारण साठ जोड दारात दिसले की सगळ्या गल्लीला कळतं. (तेव्हा परवाना नव्हता, आता रीतसर काढतो. गाणी पोरांची स्वतःचीच, म्हणजे रॉयल्टीची कटकट नाही.)

आमचा एक गिटारवाला सांगत होता, जपानमध्ये १९४८ च्या कायद्यानं क्लबात नाचायलाही परवाना लागायचा आणि तोही मध्यरात्रीपर्यंतच, म्हणून कित्येक ठिकाणी नाचू नका अशा पाट्या. २०१६ पासून रात्रभर नाचायला मुभा मिळाली, पण उजेड १० लक्सच्या वर पाहिजे. म्हणजे सिनेमाच्या मध्यंतरात असतो साधारण तेवढा. मी लाइटचंही काम करतो, तेवढ्या उजेडात शो करायचा म्हणजे सगळा मूडच गेला राव. तिथं लाइट नडला, आम्हाला बेस नडला.

कारण एके दिवशी मागच्या गल्लीतल्या आक्का आल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, "बाळा, तुझं गाणं ऐकू येत न्हाई रे, पण माझ्या मांडणीवरची ताटं वाजत्यात."

आधी पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे आणून भिंतीला चिकटवले, सगळेच करतात. पैसे वाया. ट्रेनं आतला घुमारा जरा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, त्याला वजन लागतं. मग शेडच्या आत दुसरी खोलीच बांधली, दोन भिंतींच्या मधल्या फटीत रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर), ड्रमच्या फळीखाली जुन्या टायरचे तुकडे, आणि दार म्हणजे प्लायच्या दोन फळ्यांत ठासून भरलेली कोरडी वाळू. बिजागरी दोनदा तुटली, शेवटी कारखान्याच्या गेटची बसवली.

आता बंद हॉलमध्ये आतल्या आत रात्री वाजवायला नियमात मुभा आहे, फक्त हद्दीबाहेर मर्यादा पाळायची, राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबल. मीटर घेऊन आक्कांच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो, ४१. खूश झालो, तर ताटं वाजतायतच! मीटरची ए सेटिंग बेस फार कमी मोजते, हे मला वीस वर्षं धंदा करून तेव्हा कळलं. मग किकड्रमच्या आवाजातला सगळ्यात खालचा, जड भाग कापला, दोन बेसचे स्पीकर विकले.

अजूनही प्रत्येक शोच्या आधी साउंडचेक झाला की पहिला फोन आक्कांना जातो. "आक्का, ताटं?" त्या फोन तसाच मांडणीजवळ धरतात आणि आम्ही सगळे गप्प उभे.